उशिरा आलेलं रीळ

माझ्या बापानं उभ्या जन्मात एकच पिक्चर पाहिला, आणि तो नेमका सरळ लावलेला निघाला. हे मी ज्याला ज्याला सांगते तो आधी हसतो. हसू द्या. पुढचं ऐकलं की आपोआप गप्प होतात.

आम्ही तेलगावकडच्या एका खेड्यातले. गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती, मध्ये पत्र्याचं चर्च आणि त्याच्या मागं कबरस्तान. पाळकसाहेब महिन्यातून एखाद्या रविवारी एसटीनं यायचे, ते दुपारच्या गाडीनं परत जायचे. बाकी सगळा कारभार माझ्या वडिलांच्या हातात. आश्रुबा पंच म्हटलं की गावातले लोकही आवाज खाली करत. आबा पेशानं गवंडी. भिंतीला ओळंबा लावावा तसा ते माणसांनाही लावत, आणि आम्ही सगळे त्यांना कुठं ना कुठं वाकडे दिसत असू. कबरस्तानाभोवतीचा दगडी गडगा त्यांनीच रचला होता. दोरीत रचलेला, एक दगड बाहेर डोकावणार नाही असा.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सगळे तलावाच्या कामावर होतो. माय आणि मी खडी फोडायचो, आबा तलावाच्या बांधाला लावायचे पिचिंगचे दगड घडवायचे. माझा थोरला भाऊ शमुवेल, आमचा शमू, तेवढा कामावर नव्हता. तो गावच्या सोसायटीच्या गोदामावर रखवालदार होता. मजुरांना वाटायला आलेला लाल मिलो, ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, त्याच गोदामात होता. आठवड्यामागून आठवडे गेले, वाटप काही होईना. चेअरमन मोहनराव म्हणायचे, वरून कागद आला की वाटू. बाया गोदामासमोर बसून राहायच्या आणि संध्याकाळी रिकाम्या पदरानं उठायच्या. शमूला रोज ते बघावं लागायचं. एका संध्याकाळी त्यानं कुलूप काढलं आणि एक पोतं बायांच्या पदरांत वाटून टाकलं.

मग गोदामाची तपासणी झाली, तेव्हा पोती पुष्कळच कमी भरली. ती बैलगाडीतून कुठं गेली होती हे गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं, पण कुत्र्यांची साक्ष कोण घेतो? सगळी पोती शमूच्या नावावर पडली. तो चर्चमध्ये जाऊन लपला. दिवसभर पोटात काही नव्हतं, म्हणून मायनं फडक्यात भाकरी बांधली आणि मला म्हणाली, जरा अंधार पडू दे, मग देऊन येते.

अंधार पडायच्या आत पोलिसांची जीप आली. फौजदार आबांना म्हणाला, “पंच, तुमी खोटं बोलत न्हाई म्हणतेत. पोरगं कुठं हाय?”

आबांनी नुसतं चर्चच्या दाराकडं बोट केलं.

शमूला बाहेर काढलं तेव्हा तो आबांच्या समोरून गेला. म्हणाला, “आबा, म्या एकच पोतं वाटलं.”

“एक असू दे न्हाईतर गाडीभर,” आबा म्हणाले, “चोरी ती चोरी.”

माय फडकं घेऊन जीपमागं पळाली. जीप काही थांबली नाही. ती भाकरी कितीतरी दिवस चुलीमागं तशीच बांधून ठेवलेली होती. मी एकदा ती टाकायला घेतली तर मायनं माझ्या हातावर मारलं.

खटला उभा राहायच्या आधीच शमूला कोठडीत कावीळ झाली. नाताळानंतर त्याला घरी आणलं, ते झाकूनच. पाळकसाहेब येईपर्यंत माती होऊन गेली होती, आणि ती आबांनी गडग्याच्या बाहेर केली होती. चोरीचा डाग घेऊन गेलेला, पश्चात्ताप न करता गेलेला, त्याला मंडळीत जागा नाही म्हणाले. पोटच्या पोरासाठी त्यांनी कुदळ स्वतः चालवली आणि ती गडग्याच्या पलीकडं चालवली. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांच्या ताटात भाकरी वाढताना ती लांबून टाकायची.

माय रडली नाही. आबांशी बोलणं मात्र तिनं बंद केलं. आबा पूर्वी तिला ‘शमूची माय’ म्हणून हाक मारायचे. त्या दिवसापासून ते ‘इस्तेरची माय’ म्हणायला लागले. माझं नाव एस्तेर. माझ्या नावानं मायला हाक मारली की मलाच चोरट्यासारखं वाटायचं.

आमच्या वस्तीत एक रीत होती. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमायची. ज्याच्या त्याच्या घरातला कर्ता पुरुष आपल्या माणसाच्या पायथ्याशी उभा राहून त्याचं नाव मोठ्यानं पुकारायचा, आणि बाकीचे एका आवाजात म्हणायचे, “उठेल.” मग कबरीला चुना लावायचा. नाव पुरुषानंच पुकारायचं, बाईनं नाही. आबा पुकारणार नसतील तर शमूला त्या पहाटे कुणीच हाक मारणार नव्हतं. मायला सगळ्या जगातून तेवढी एक हाक पाहिजे होती, आणि ती मागायला तिचं तोंड उघडत नव्हतं.

त्या एप्रिलात तेलगावच्या बाजारतळावर टुरिंग टॉकीजचा तंबू लागला. खायला नसलं तरी पिक्चरला गर्दी हटत नव्हती. कामावरच्या बाया सांगत होत्या, त्यातली माय लई रडती. हे ऐकून माय मला म्हणाली, “इस्तेर, मला घिऊन चल. घरात रडाया येत न्हाई. तिथं सगळ्याच रडत्याल, मी बी रडून घेईन.”

उपवासाचे दिवस होते, त्या रविवारच्या आधीचा वधस्तंभाचा आठवडा. आबांच्या दृष्टीनं सिनेमा म्हणजे सैतानाचा मांडव. आम्ही कामावरून परस्पर गेलो आणि बायांच्या बाजूला वाळूत बसलो.

पिक्चरमध्ये एक हमाल होता. त्याच्या दोस्ताच्या हातून खून होतो. दोस्ताच्या पदरात लहान लहान लेकरं, म्हणून हमाल म्हणतो, खून मीच केला. इथंच मायनं माझं मनगट धरलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. पुढं एका ठिकाणी पडदा पांढरा झाला आणि पांढराच राहिला. लोक शिट्ट्या मारायला लागले, मग वाळू उडायला लागली. बऱ्याच वेळानं मशीन परत सुरू झालं. हमालाला फाशीच्या तख्ताकडं नेलं, तोंडावर काळी पिशवी घातली, दोर ताणला गेला. त्याची माय तुरुंगाच्या दाराशी कोसळली. सगळ्या तंबूत हुंदके सुरू झाले. माझी माय पहिल्यांदा रडली, पदर तोंडात कोंबून, सगळं अंग हलवून रडली.

मग परत पडदा पांढरा झाला, मशीन खडखडलं, आणि तो हमाल दारातून आत आला. जिता, हसत. मायला म्हणाला, भूक लागलीय. तिनं भाकरी वाढली, तो जेवायला बसला. ती समोर बसून त्याच्याकडं बघत राहिली आणि तो पोटभर जेवला.

पुरुषांच्या बाजूला हसण्याचा नुसता गदारोळ उठला. “भूत आलं बे, भूत!” कुणीतरी ओरडलं. दिवे लागले तरी लोक हसतच बाहेर पडत होते. माय हसली नाही. तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी सैल पडला होता.

वाटेत ती म्हणाली, “उठला, इस्तेर. आन् उठल्या उठल्या जेवाया मागितलं.” थोडं चालून परत म्हणाली, “प्रभूनंबी तसंच केलतं. शिष्यांला म्हणला, खायाला काय हाय का? दुसऱ्याचा गुन्हा आंगावर घिऊन गेला, मातीत गेला, आन् आला तर आधी जेवला.”

अक्षर न येणाऱ्या माझ्या आईचा मला त्या वेळी हेवा वाटला. चर्चच्या भक्तीत बसून मी इतकी वर्षं जांभया दिल्या होत्या, आणि ती सगळं ऐकत होती.

घरी आल्यावर तिनं आबांना सगळं सांगितलं. शमू गेल्यापासून त्यांच्याशी ती पहिल्यांदा बोलत होती. शेवटी म्हणाली, “आवं, रविवारी त्याचं नाव घ्या. एवढंच म्हणते.”

आबा खवळले. “पवित्र आठवड्यात तमाशाला जाती, आन् वर मला शास्त्र शिकवती?” बरंच बोलले. पण दुसऱ्या दिवशी कामावर, माय पाण्याला गेलेली बघून, त्यांनी छिन्नी थांबवली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, “खरंच उठला काय गं त्यो?”

“व्हय.”

“फास बसला होता? डोळ्यानं बघितलास?”

“बघितला, आबा. मग त्यो घरी आला आन् जेवला.”

त्यांनी छिन्नी परत दगडावर टेकवली आणि पहिलाच घाव वाकडा घातला. शनिवारी सकाळी मात्र त्यांनी जाहीर केलं की संध्याकाळी ते आमच्याबरोबर तेलगावला येणार. “प्रभूची थट्टा केली आसंल तर तंबू बंद पाडतो,” म्हणाले. थट्टा बघायला निघालेला माणूस चर्चचा कोट काढून झटकत नाही. त्यांना काय बघायचं होतं ते मला कळलं. पण त्या दिवशी लोक हसले का आणि पिक्चर तसा का झाला ते मला माहीतच नव्हतं.

दुपारी मी पळत तेलगाव गाठलं. मशीनवर दस्तगीरचाचा होते, तेलाच्या चिंधीनं हात पुसत बसलेले. मी विचारलं तर हसत सुटले.

“अगं पोरी, गलती झाली ती. पिक्चर एक, तंबू दोन. मालक जलालुद्दीनसेठचे दोन्ही. तिकडं वाजवून झालेलं रीळ सायकलवर इकडं येतंय. त्या दिवशी सायकल पंचर. पब्लिक वाळू फेकाया लागली. मह्यापाशी शेवटचं रीळ मागच्या खेळाचं पडलेलं होतं, त्येच लावून टाकलं. ते संपतंय तवर जेवणाचं आलं, मग तेबी लावलं. पैसे घेतलेत, दाखवाया तर पाहिजे ना?”

“म्हंजी त्यो आधी जेवतो, आन् मग...”

“मग फाशी. तितंच खलास.”

मी त्यांना सगळं सांगितलं. शमूचं, गडग्याचं, रविवारच्या हाकेचं. त्यांचं हसणं कुठल्या कुठं गेलं. मी म्हणाले, “चाचा, आज परत तसंच लावा. एकदाच.”

दस्तगीरचाचांनी चिंधी बाजूला ठेवली. “लोकांनी सेठकडं तक्रार केलीय, पोरी. पर सेठ आज न्हाई आले, तर लावतो. अल्लाची कसम, लावतो.”

संध्याकाळी आम्ही तंबूत शिरलो तर मशीनशेजारी खुर्ची टाकून जलालुद्दीनसेठ स्वतः बसलेले. मी दस्तगीरचाचांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. तरी मला आशा होती सायकलची. दुष्काळातले रस्ते, काटे, पंक्चर, काहीही होऊ शकतं. मी सारखी मागं वळून बघत होते. आणि पिक्चर अर्ध्यात आला नाही तोच डबा लावलेली सायकल तंबूच्या दाराशी येऊन उभी राहिली. नेमकं त्याच संध्याकाळी तिला वेळेवर यायचं सुचलं.

बाया आणि पुरुषांच्या मधल्या दोरीला लागून, मायशेजारीच, आबा वाळूत ताठ बसले होते, टोपी मांडीवर, चर्चमध्ये बसतात तसे. सभोवती बिड्या, पोरांची रडारड, कशाकडं लक्ष नव्हतं. हमालानं खून अंगावर घेतला तेव्हा त्यांचा हात टोपीवर आवळला. जेवणाचा सीन आला. मायला कळलं की हा लवकर आला. आबा तिच्याकडं झुकून हळूच म्हणाले, “ह्यो उठल्यावरचा?” मायनं माझं मनगट धरलं.

मग तख्त आलं. काळी पिशवी, दोर, दाराशी कोसळलेली माय. पडदा पांढरा झाला. दिवे लागले आणि लोक अंगावरची वाळू झटकत उठले. कुणी हसलं नाही, बाया डोळे पुसत निघाल्या. तंबू रिकामा झाला. आबा बसलेलेच.

“आबा, चला,” मी म्हणाले.

“थांब. अजून व्हायचंय.”

ते त्या पांढऱ्या पडद्याकडं टक लावून बघत होते. जलालुद्दीनसेठ ओरडले, “ओ बाबा, खेळ खलास!” आबांनी ऐकलं नाही. मला वाटलं होतं ते चिडतील, मायला खोटारडी ठरवतील, उद्याचा विषय कायमचा मिटेल. ते मायकडं वळले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता.

“शमूची माय, तू म्हणली उठतो.”

त्या हाकेला मायनं मान वर केली. “उठला होता,” ती म्हणाली. “म्या बघितला.”

“मग मला कावून न्हाई दिसला?”

दस्तगीरचाचा मशीनपासून उठून आले आणि आबांच्या समोर वाळूत उकिडवे बसले. “बाबा, त्या दिवशी सायकल उशिरा आली, म्हून मागचं फुडं झालं. खरा पिक्चर आजचा. पोलिसं न्यायच्या आधी त्यो घरी येतो, मायच्या हातचं जेवतो, आन् मग जातो.”

“जेवून जातो,” आबा म्हणाले.

“व्हय, बाबा.”

आबांनी टोपी तोंडावर धरली. “आमचा तर जेवूनबी गेला न्हाई.”

आणि ते रडले. चर्चचा कोट घातलेला, गावाला सरळ करत आलेला माझा बाप परक्या तंबूत, वाळूत बसून, लेकरासारखा रडला. जीप आल्या दिवसापासून त्यांच्याही मनात ती फडक्यातली भाकरी होती, हे मला तेव्हा कळलं. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या दंडाला धरून मीच त्यांना उठवलं, आणि घरापर्यंत तो दंड सोडला नाही.

पहाटे मंडळी कबरस्तानात जमली तेव्हा आबा आधीच तिथं होते. त्यांनी रचलेला तो दोरीतला गडगा एका जागी पाडलेला होता. दगड बाजूला सारून माणूस जाईल एवढी वाट केली होती. पलीकडं शमूच्या कबरीवर ओला चुना चमकत होता आणि आबांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. एकेका घराची नावं पुकारून झाली, एकेकाला “उठेल” मिळालं. आमची पाळी आली. आबांनी आधी आजोबांचं नाव पुकारलं, मग आजीचं. मग ते पाडलेल्या गडग्यातून पलीकडं गेले आणि पायथ्याशी उभे राहिले.

भक्तीत आबा नेहमी शुद्ध बोलायचे, पुस्तकातल्यासारखं. तसंच त्यांनी सुरू केलं, “शमुवेल आश्रुबा...” आणि आवाज तिथंच बसला. मंडळी वाट बघत उभी होती. मग रानात काम करणाऱ्या पोराला बांधावरून हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली.

“शमू, चल रं बाबा. जेवाया चल.”

अशा हाकेला काय म्हणायचं हे कुणाला माहीत नव्हतं. मायनं पदरातून फडकं काढलं. त्यात ताजी भाकरी होती, लाल मिलोचीच. ती तिनं कबरीवर नाही ठेवली, आबांच्या चुन्यानं माखलेल्या हातात दिली, आणि एकटीच म्हणाली, “उठंल.”

मग मागून एकेक जण म्हणाला. आबांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. आदल्या दिवशी पडद्याकडं बघत बसले होते तसेच ते मातीकडं बघत होते. ऊन वर आलं, मंडळी घरोघर गेली, तरी ते भाकरी हातात घेऊन तिथंच थांबले होते.